टेबलावर शहाणा, हॉलमध्ये बेभान: मुलांच्या रोबोटला स्वस्तातला रेडिओ कोणता?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी आजरा तालुक्यातल्या एका हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवते. बीएस्सी गणितात झाली, इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध फ्यूज बदलण्यापुरता. प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

आठवी-नववीच्या पाच मुलांनी मिळून एक गाडी केली आहे. नाव ढवळ्या. मागे दोन पिवळ्या बीओ मोटरी, पुढे आधाराला गोटीचं चाक, अंगाला पांढरा कार्डशीट. आत आर्डुइनो नॅनो, म्हणजे कोड चालवणारा छोटा बोर्ड (चिनी नक्कल), आणि मोटरींना वीज पुरवणारा तो लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले दोन १८६५० सेल एकापुढे एक जोडले आहेत. नॅनोला ५ व्होल्ट ड्रायव्हरच्याच पाटीवरून येतात.

आधी रिमोटला टेलिफोनची पाच मीटर तार लावली होती. अगदी गुणी बैलासारखा चालायचा. पण तार पायात यायची, म्हणून मुलांनी वर्गणी काढून कोल्हापुरातून ४३३ मेगाहर्ट्झची ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी आणली, साधारण शंभर रुपयांत. कोडमध्ये रेडिओहेड ही लायब्ररी (तयार कोडचा संच) घातली. आणि तिथून ग्रह फिरले.

पहिलं दुखणं: उजवं चाक. वेग २५५ (म्हणजे पूर्ण) दिला की अडखळत का होईना फिरतं. २०० दिला की ठार बंद. डाव्या चाकाला काही नाही. मोटरी अदलाबदल करून पाहिल्या, रोग उजवीकडेच राहिला. तारेवर असताना याच पिना होत्या (डावं चाक ५, उजवं १०) आणि तेव्हा दोन्ही चाकं नीट फिरत होती.

दुसरं: चाकं हवेत धरली की वर्गाच्या दुसऱ्या टोकाकडूनही रिमोटचं ऐकतो. जमिनीवर सोडला की आठ-दहा पावलांवर बहिरा.

तिसरं सगळ्यात वाईट. बहिरा झाला की थांबत नाही, शेवटचा हुकूम धरून सुटतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शेवटचा हुकूम "पुढे" होता. शेजारच्या शाळेने मातीचा ज्वालामुखी केला होता, व्हिनेगर-सोडा घालून लाव्हा काढायचा. ढवळ्या टेबलावरून थेट त्यात. लाव्हा पाहुण्यांच्या धोतरावर. मुलं अजून त्या शाळेच्या बसस्टॉपवरून जात नाहीत.

आता सगळे म्हणतात रेडिओ बदला. दुकानदार म्हणतो ब्लूटूथ घ्या, माझा भाचा म्हणतो लोरा घ्या. शिल्लक ५०० रुपये आहेत. काय घेऊ?

---

पुणेरी_बाइट

नॅनो आणि ४३३ दोन्ही कचऱ्यात टाका. दोन ईएसपी३२ (रेडिओ अंगातच असलेले बोर्ड) घ्या, त्यांची ईएसपी-नाऊ ही बोलण्याची पद्धत वापरा. राउटर लागत नाही, बोर्ड बोर्डाशी थेट बोलतो, एका निरोपात २५० बाइट जातात, वेगळं रेडिओ मॉड्यूल नको. २०२०नंतरही ४३३ची ती जोडी कोणी विकत घेतं हेच नवल.

---

खडूफळा

सल्ला चांगला आहे, पण ५०० रुपयांत दोन ईएसपी३२ आणि वर सगळी जोडणी नव्याने, हे गणित बसत नाही. शाळेकडे पाच नॅनो पडून आहेत. कचऱ्यात टाकले तर मुख्याध्यापक मलाही त्यातच टाकतील.

---

दुसरंवर्ष_सांगली

ताई, उजव्या चाकाचं कोडं मला सुटलंय, कारण याच खड्ड्यात मी गेल्या वर्षी पूर्ण एक रविवार घालवलाय.

नॅनोमध्ये तीन टायमर, म्हणजे आतली मोजणीची घड्याळं, असतात. पिन ९ आणि १० चा पीडब्ल्यूएम, म्हणजे मधला वेग देण्याची सोय, टायमर-१ वर चालते. रेडिओहेडचा ४३३वाला भाग बिट मोजायला तोच टायमर-१ बळकावतो. मग तुम्ही १० वर २०० लिहिलं की टायमर दुसऱ्याच कामात असल्यामुळे पिन खाली जाते ती तिथेच बसते. २५५ का चालतं? तर आर्डुइनोचं ॲनालॉगराइट (पिनेवर वेग लिहिण्याची आज्ञा) २५५ ला टायमरकडे जातच नाही, पिन सरळ चालू करून टाकतं. अडखळण्याचं कारणही सापडेल: सांगितलं नाही तर ही लायब्ररी १० नंबरची पिन ट्रान्समीटर चालू-बंद करायला स्वतःकडे घेते, आणि दर निरोपानंतर ती खाली ओढते. म्हणजे एका पिनेवर दोन मालक.

उपाय फुकटचा आहे. उजव्या चाकाची वायर १० वरून ६ वर घ्या, कोडमध्ये आकडा बदला. ५ आणि ६ टायमर-० वर आहेत, त्याला ही लायब्ररी हात लावत नाही. सर्वो मोटरची नेहमीची लायब्ररीसुद्धा टायमर-१ च घेते, तेव्हा पुढेमागे ढवळ्याला मान हलवायला सर्वो लावलात तर हेच भांडण परत होईल.

---

खडूफळा

फिरलं!! सहावर घेतलं आणि २०० वर फिरलं, १२० वरही फिरलं. आठवीतली जी मुलगी हे कोड लिहिते ती गेले आठ दिवस मोटरवाल्याला शिव्या घालत होती. सांगलीला पेढे पाठवते.

---

रेडिओदुरुस्ती_कराड

बाई, नमस्कार. पस्तीस वर्षं झाली, कराडात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. टीव्ही आता कोणी आणत नाही, फुटला की नवा घेतात. म्हणून मिक्सर, इन्व्हर्टर आणि नातवाचे रोबोट. टायपायला वेळ लागतो, सावकाश वाचा.

रेडिओ बदलायचाच, पण आज नको. आधी एक गंमत करा. गावात कुणाकडे तरी मिडियम वेव्हचा खिशातला ट्रान्झिस्टर असेलच. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवा, आवाज मोठा करा, आणि ढवळ्याच्या मोटरी चालू करून ट्रान्झिस्टर जवळ न्या. तव्यावर मोहरी तडतडावी तशी खरखर ऐकू येईल. मोटरच्या आत ब्रश आहेत, ते फिरत्या तांब्यावर घासतात, दर फेरीला बारीक ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं आकाशवाणी केंद्र, आणि ते तुमच्या रिसीव्हरपासून चार बोटांवर आहे. चाकं हवेत असताना मोटर हलकी फिरते, प्रवाह कमी, ठिणगी कमी. जमिनीवर गाडीचं वजन आलं की प्रवाह वाढतो, ठिणगीही वाढते. टेबलावर शहाणा, जमिनीवर बहिरा, याचं निम्मं कारण हे.

निम्मं कारण सेल. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतले सेल मीटरवर चार व्होल्ट दाखवतात आणि काम सांगितलं की मान टाकतात. बीओ मोटर सुरू होताना किंवा अडली तर अर्धा-पाऊण ॲम्पिअर सहज ओढते, तुमच्या दोन आहेत. त्या क्षणी बॅटरी बसते, लाल पाटीवरचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर बसतो (त्याला वरून निदान दोन व्होल्ट जास्त लागतात), आणि सोबत नॅनो व रिसीव्हरही बसतात. मल्टिमीटर लावून हे दिसणार नाही. मीटर सावकाश आहे, तो सरासरी सांगतो, खड्डा सांगत नाही. त्यापेक्षा नॅनोवर एक एलईडी लावा आणि कोडमध्ये सुरुवातीलाच ती तीनदा लुकलुकवा. गाडी उलटी-सुलटी पळवताना मधेच तीनदा लुकलुकली, तर नॅनो बसून परत उठला असं समजा.

आता उपाय, एकूण खर्च वीस-तीस रुपये. दुकानात "१०४" मागा, डिस्क सिरॅमिक, मसुराच्या डाळीपेक्षा थोडा मोठा. दर मोटरला तीन: एक दोन टोकांच्या मध्ये, बाकी दोन एकेका टोकापासून मोटरच्या पत्र्याच्या अंगापर्यंत. पत्र्यावर सोल्डर धरत नाही, आधी कानसेने किंवा पॉलिश पेपरने दोन ठिकाणी चकचकीत करा. सोल्डरिंग आयर्न तापलेलं हवं आणि हात चपळ. टोकं प्लास्टिकमध्ये बसवलेली असतात, पाच-सहा सेकंद रेंगाळलात की प्लास्टिक विरघळून ब्रश वाकडा. हे मी एका ग्राहकाच्या नाही, स्वतःच्या नातवाच्या मोटरवर केलं आहे. घरात दोन दिवस अबोला होता.

मोटरच्या दोन वायरी दोरीसारख्या पीळ देऊन आणा. मोटरचा परतीचा प्रवाह नॅनोच्या ग्राउंडमधून फिरवू नका. बॅटरीच्या वजा टोकापासून ड्रायव्हरला वेगळी जाड वायर, नॅनोला वेगळी. मग पुन्हा ट्रान्झिस्टर लावून ऐका. खरखर पूर्ण जाणार नाही, पण मोहरीच्या जागी रवा वाटेल.

आता त्या ४३३च्या जोडीबद्दल. वाईट वस्तू नव्हे, तिला चुकीचं काम दिलंय. तो रिसीव्हर जुन्या पठडीचा आहे, सुपर-रिजनरेटिव्ह. समोरून कोणी बोलत नसेल तर तो कान टवकारत जातो, आणखी टवकारतो, शेवटी स्वतःचीच खसखस ऐकू लागतो. रिमोट बंद करून त्याच्या डेटा पिनेवर एलईडी लावून बघा, वेड्यासारखी मिणमिणत राहील. म्हणून तर त्यावर साधी सिरीयल लाइन पाठवली की कचरा येतो. रेडिओहेड आधी थोडी टकटक करून त्याला भानावर आणतं आणि मग निरोप देतं. ठिणगीचा गोंगाट असला की या रिसीव्हरचं लक्ष ठिणगीकडे.

तरी तो वापरायचाच झाला तर दोन्ही पाट्यांना अँटेना लावा. लावली नसणार, विकणारा देत नाही. टेलिफोनची उरलेली तार घ्या, १७.३ सेंटिमीटर कापा, "एएनटी" लिहिलेल्या भोकात सोल्डर करा, सरळ उभी ठेवा. हा आकडा मंत्र नव्हे: ४३४ मेगाहर्ट्झची लहर साधारण ६९ सेंटिमीटर लांब असते, तिचा चौथा हिस्सा. तार गुंडाळू नका आणि बॅटरीला टेकवू नका.

माझं मत विचाराल तर ही जोडी घंटीला, पाण्याच्या टाकीच्या सूचनेला ठेवा. गाडीला एनआरएफ२४एल०१ हा रेडिओ घ्या, नावाच्या शेवटी अधिकचं चिन्ह असलेला. ४३३ची जोडी म्हणजे पोस्टकार्ड: टाकलं, पोचलं तर पोचलं. एनआरएफ म्हणजे पोचपावतीचं रजिस्टर. समोरच्याने सही केली नाही तर तो चिप स्वतःच पंधरा वेळांपर्यंत पुन्हा पाठवतो, तुमच्या कोडला कळतसुद्धा नाही. दोन नग घ्या, बिनअँटेनाचे, ज्यांच्या पाटीवरच नागमोडी रेघ छापलेली असते. काळ्या दांडीची अँटेना असलेला मोठा नग मुलं मागतील, देऊ नका. तो शंभर मिलिॲम्पिअरच्या वर ओढतो आणि तुम्हाला हॉल ओलांडायचा आहे, आंबोली घाट नव्हे.

एनआरएफची एकच खोड, पण ती सगळ्यांना रडवते. त्याला ३.३ व्होल्ट लागतात, ५ दिलेत तर गेला (बाकीच्या पिनांना ५ चालतात). नॅनोवर ३.३ ची पिन आहे, पण ते व्होल्ट यूएसबीच्या छोट्या चिपमधून उसने येतात, नक्कल बोर्डावर तर फारच तुटपुंजे. नातवाच्या गाडीत मॉड्यूलवर बोट ठेवलं की चालायचं, बोट काढलं की बंद. त्याला वाटलं जादू. बोट म्हणजे एक फालतू कपॅसिटर. खरा कपॅसिटर लावला, जादू संपली. १० ते ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, मॉड्यूलच्या प्लस-वजाच्या पायांवरच, वायरीच्या दुसऱ्या टोकाला नाही. पांढरी पट्टी वजाकडे. किंवा त्याचा अडॅप्टर मिळतो, आठ पायांचं सॉकेट आणि ३.३ चा रेग्युलेटर असलेला, चाळीस-पन्नास रुपयांना. मुलांसाठी तोच घ्या, कारण मॉड्यूलचे आठ पाय दोन रांगांत असल्यामुळे ब्रेडबोर्डवर बसतच नाहीत आणि सुट्या वायरी लावताना कोणीतरी प्लस चुकवतोच.

आता ज्वालामुखी. बाई, तो अपघात रेडिओने केला नाही. जगातला कुठलाही रेडिओ कधीतरी तुटतो. मुलांना विचारा, थांबायचा हुकूम कोण देतं? मी पैज लावतो, "दांडी मधे आली की थांबा पाठव" असं रिमोटमध्ये लिहिलं असेल. म्हणजे थांबायलासुद्धा रेडिओ लागतो! तो एक निरोप हरवला की झालं. थांबण्याची अक्कल रिमोटमध्ये नको, ढवळ्यात हवी. रिमोटने दांडी हलो न हलो, सेकंदाला वीस वेळा बोलत राहायचं. ढवळ्याने दर निरोपाला घड्याळात वेळ टिपायची, आणि ३०० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर दोन्ही मोटरी शून्य. कोडमध्ये दोन ओळी होतात: निरोप आला की "शेवटची वेळ = आत्ताची वेळ", आणि मुख्य चक्राच्या तळाशी "आत्ता वजा शेवटची ३०० हून जास्त असेल तर थांब". मुख्य चक्रात कुठेही डिले (वाट बघायची आज्ञा) नको, नाहीतर ही तपासणीच उशिरा होईल.

ब्लूटूथ वाईट नाही, फोनवरून चालवायला छान. पण एकदा तुटला की परत जुळायला काही सेकंद घेतो, आणि ऐन वेळी फोनवर मावशीचा कॉल येतो. लोरा फार लांब पोचतो आणि सावकाश बोलतो. ढवळ्याला पंढरपूरला पाठवायचं असेल तर घ्या.

---

लहरी_माणूस

काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त कडेकडेचं सांगतो.

एनआरएफचा चॅनेल. नेटवरच्या निम्म्या धड्यांत "वाय-फायपासून लांब म्हणून चॅनेल १०८ घ्या" असं सापडेल. चॅनेलचा आकडा म्हणजे २४०० मध्ये मिळवायचे मेगाहर्ट्झ, म्हणजे १०८ झाला २५०८. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायचा पट्टा २४८३.५ ला संपतो, त्यापुढची जागा दुसऱ्याची आहे. चिप १२५ पर्यंत जाते म्हणून आपणही जायचं असं नाही. शाळेचं प्रोजेक्ट आहे, मुलांना हे सांगायला चांगलं निमित्त. ७६ ते ८० मध्ये राहा. वाय-फाय बहुतेक १, ६ आणि ११ वर असतं, आणि ११ ची वरची कड साधारण २४७३ ला येते. एनआरएफसाठीच्या आरएफ२४ लायब्ररीत चॅनेल न सांगितल्यास ७६ च असतो, तेव्हा न शिवलेलं बरं. शंका असेल तर त्याच लायब्ररीच्या उदाहरणांत "स्कॅनर" आहे. तो प्रदर्शनाच्या हॉलमध्ये लॅपटॉपला लावून दोन मिनिटं बघा, कुठल्या चॅनेलवर गर्दी आहे ते आकड्यांत दिसतं.

पत्ता. जवळजवळ प्रत्येक धड्यात पत्ता म्हणून चार शून्यं आणि एक, "००००१", असाच असतो. मुलं तसाच उतरवतात. मग एकाच हॉलमध्ये तीन शाळांचे रोबोट एका रिमोटवर नाचतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या वायरिंगला दोष देतो. पाच अक्षरांचा स्वतःचा पत्ता ठेवा.

डेटा-वेग २५० किलोबिट ठेवा, हळू पण लांब पोचतो. तरीही तीन बाइटचा निरोप (डावा वेग, उजवा वेग, अनुक्रमांक) अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत हवेतून जातो. तोच निरोप रेडिओहेडने ४३३ वर २००० बिटच्या वेगाने पाठवला तर किती, हे ताई वर्गात मांडू शकतील: सुरुवातीची टकटक आणि खूण मिळून ४८ बिट, मग लांबी, चार बाइट मथळा, तीन आपले, दोन तपासणीचे, असे १० बाइट, दर बाइटला १२ बिट. एकूण १६८ बिट, म्हणजे ८४ मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम अकरा-बारा निरोप, काकांचे वीस बसतच नाहीत.

तो अनुक्रमांक मुद्दाम घातलाय. रिमोटने दर निरोपाला एक वाढवत जायचं, ढवळ्याने मधले किती गळले ते मोजायचं. "बरा चालतोय" आणि "हजारात पाच गळतात" यांत फार फरक आहे.

आणि सुरुवातीला त्याच लायब्ररीतलं प्रिंटडिटेल्स, म्हणजे रेडिओच्या आतली माहिती छापणारं फंक्शन, चालवून बघा. सगळीकडे शून्यं किंवा सगळीकडे एफएफ दिसले तर कोड वाचत बसू नका, वायर चुकली आहे.

जाता जाता: आमच्या डिप्लोमाच्या वेळी वायरलेस रोबोट म्हणजे गाडीवर सेलोटेपने चिकटवलेला साधा मोबाइल. आपण त्याला फोन करायचा, हेडफोनमुळे तो आपोआप उचलायचा, मग २ दाबलं की पुढे, ८ दाबलं की मागे. बटणाचा सूर ओळखायला एमटी८८७० ही चिप. रेंज अख्खा भारत! फक्त परीक्षेच्या दिवशी माझ्या गाडीवरच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं आणि कंपनीची बाई तासभर तेच सांगत होती. गाडीने तिच्या बोलण्यावर काही हालचाल केली नाही, एवढंच समाधान.

---

पुणेरी_बाइट

कचऱ्याचं मागे घेतो. पण एक राहिलं: माणसाचं शरीर म्हणजे पाण्याची पखाल, २.४ गिगाहर्ट्झ त्यात मुरतं. प्रदर्शनात रिमोटवाला आणि गाडी यांच्यात बघ्यांची भिंत उभी राहते. मॉड्यूल गाडीच्या पोटात ठेवू नका, आइसक्रीमच्या काडीवर उभारून वर घ्या, बॅटरी आणि मोटरींपासून लांब.

---

खडूफळा

बारा दिवसांनी परत आले. हिशोब आधी: दोन एनआरएफ २३०, दोन अडॅप्टर ९०, १०४ आणि इतर कपॅसिटर २४. उरलेल्या पैशांत मुलांनी वडापाव खाल्ला, पावती नाही.

ट्रान्झिस्टर शिपाईमामांकडे निघाला. पाचही मुलं त्याभोवती कान लावून. मोटर चालू केल्यावर खरखर आली तेव्हा एकजण ओरडला, "ढवळ्या बोलतोय!" मी वीस वर्षं विद्युतचुंबकीय लहरी फळ्यावर काढतेय, कोणी असं ओरडलं नव्हतं. १०४ लावताना एका मोटरचं प्लास्टिक आम्हीही वितळवलं. काका, आमच्यात अबोला नाही झाला, पण ती मोटर आता दृष्ट लागू नये म्हणून ढवळ्याच्या शिंगाला बांधली आहे.

तीनदा लुकलुकण्याची युक्ती केली. पुढे जाता जाता एकदम उलटा फिरवला की दर वेळी लुकलुकायचा. म्हणजे नॅनो खरंच बसत होता आणि आम्ही रेडिओला बोलत होतो. सेल बदलले (विजेरीवाल्याकडून दोन बरे मिळाले), शिवाय कोडमध्ये वेग एकदम न बदलता पायरीपायरीने वाढवला. आता लुकलुकत नाही.

एनआरएफच्या एका नगाने त्रास दिला. २५० किलोबिटवर एकमेकांचं ऐकूच येईना. प्रिंटडिटेल्सने सांगितलं की त्यातला एक अधिकच्या चिन्हाचा नाहीच, वर शिक्का मात्र तसा. दुकानदार बदलून देईना. दोन्ही १ मेगाबिटवर ठेवले, चालले. शाळेच्या हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मधे चाळीस मुलं उभी करून मोजलं: हजार निरोपांत सात गळले. मधली मुलं खाली बसवली तर एक. पुणेरी दादा, पाण्याची पखाल मुलांना फार आवडली, आता एकमेकांना तेच म्हणतात.

काका, पैज तुम्ही जिंकलात. थांबण्याचा हुकूम रिमोटमध्येच होता.

---

रेडिओदुरुस्ती_कराड

पैजेचे पेढे सांगलीच्या पुड्यात घाला, तो पोरगा आणून देईल. ते ३०० मिलिसेकंद कोडमध्ये लिहिले म्हणता, तपासले का? पूर्ण वेगात गाडी पळत असताना रिमोटची बॅटरी उपसून काढायची. बटण बंद करून नाही, उपसून.

---

खडूफळा

आज मधल्या सुट्टीत केलं. व्हरांड्यात, पूर्ण वेगात, समोर मुद्दाम आमच्याच सातवीचा नवा ज्वालामुखी ठेवून. कोड लिहिणाऱ्या मुलीने रिमोटमधून बॅटरी उपसली. ढवळ्या वीतभर सरकला आणि थांबला. ज्वालामुखी आणखी दोन हात लांब होता. मग पाचही जणांनी आळीपाळीने बॅटरी उपसून बघितली, आणि घंटा झाली तरी कोणी वर्गात जाईना.